विहीर बुजली, पाट राहिला

मळ्यातली विहीर बुजवली, पण तिच्यापासून हौदाकडे जाणारा पाट तसाच राहू दिला, तर काय होईल? बहुधा काहीच नाही. पाट सुकेल, गवत माजेल. पण हौदाच्या तोंडाशी उतार बिघडला असेल, तर हौदातलेच पाणी उलटे पाटात शिरेल, साचेल, कुजेल. आजचा इतिहास अशाच एका पाटाचा आहे. फक्त तो माणसाच्या पोटात असतो. मूत्रपिंड ही विहीर, मूत्राशय हा हौद आणि दोघांना जोडणारी सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची मूत्रवाहिनी हा पाट.

२ ऑगस्ट १८६९ रोजी जर्मनीतील हायडेलबर्ग येथे गुस्टाव्ह सिमॉन या शल्यवैद्याने, आधी ठरवून, एका ४६ वर्षांच्या बाईचे मूत्रपिंड काढले. पूर्वीच्या एका शस्त्रक्रियेत तिची मूत्रवाहिनी दुखावली होती आणि लघवी रात्रंदिवस झिरपत होती. भोक बुजवण्याचे प्रयत्न फसले. तेव्हा सिमॉनने विचार केला, गळती थांबत नाही ना, मग उगमच बंद करू! पण एका मूत्रपिंडावर माणूस जगेल का? त्याने आधी कुत्र्यांवर प्रयोग करून पाहिले, मगच सुरी हाती घेतली. बाई बरी झाली. त्या मुक्या कुत्र्यांची आठवण मात्र फारसे कोणी काढत नाही.

विहीर बुजली, पाटाचे काय? कमरेच्या बाजूने चीर घेऊन हात पोचेल तिथवर मूत्रवाहिनी कापायची, टोक बांधायचे आणि खालचा तुकडा आतच ठेवायचा, अशी रीत पुढे पडली. यात आळस नव्हता. तो भाग ओटीपोटात खोल असतो. त्यासाठी आणखी चिरफाड करावी लागते. शिवाय बहुतेकांच्या पोटात तो तुकडा निमूटपणे आक्रसून जातो.

काहींचा जात नाही. मूत्राशयाच्या तोंडाशी मूत्रवाहिनीची वाट झडपेसारखी मिटते. ती सैल असेल तर लघवी उलटी चढते, तुंबते, पू होतो, कधी खडाही धरतो. मूत्रपिंडाच्या क्षयात तर रोग आधीच नळीत उतरलेला असे. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन सापडण्यापूर्वी अशा रोग्याची जखम शस्त्रक्रियेनंतरही वाहत राही. मूत्रपिंडाच्या आतल्या अस्तराचा कर्करोग असेल, तर तेच अस्तर नळीभर पसरलेले असते. म्हणून त्या रोगात सबंध मूत्रवाहिनी, मूत्राशयाची थोडी कड धरून, काढण्याची पद्धत आहे.

अडचण होते ती काळाच्या अंतराने. दहा-वीस वर्षांनी ताप येतो, ओटीपोटात ठणका लागतो, लघवीतून रक्त जाते, आणि माणूस म्हणतो, "अहो, तिकडचं मूत्रपिंड तर केव्हाच काढलंय, तिथं दुखेलच कसं?" म्हणून जुन्या शस्त्रक्रियेची गोष्टच तो काढत नाही. दुर्बिणीतून मूत्राशय पाहता येते, उरलेल्या नळीत औषध सोडून क्ष-किरणाचे चित्र घेता येते. पण तिकडे बघायचे हे डॉक्टरांच्या मनात यायला हवे ना! तुमच्या घरी असे कोणी असेल, तर तपासणीच्या वेळी जुना व्रण दाखवा, साल सांगा. दवाखान्याचा जुना कागद असेल तर तोही न्या. मूत्रवाहिनी कुठवर कापली हे त्यात लिहिलेले असू शकते.