बर्फातली डोलकाठी

अंटार्क्टिकाच्या इतिहासात बर्फ तुडवणाऱ्या माणसांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांचा जगाशी संबंध जोडणारे दोर, तारा आणि सांधे यांच्याकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष गेलेले नाही. डग्लस मॉसन यांच्या १९११ ते १९१४ या काळातील मोहिमेत बरेच काही या सांध्यांवर अवलंबून होते.

अंटार्क्टिकावर बिनतारी संदेशयंत्रणा प्रथम वापरली ती याच मोहिमेने. केप डेनिसनच्या तळावरून संदेश मॅक्वारी बेटावर आणि तिथून ऑस्ट्रेलियात जायचा होता. पण केप डेनिसनला वाऱ्याचा वर्षभराचा सरासरी वेगच ताशी सुमारे ८० किलोमीटर भरला. एरियलची डोलकाठी उभी करण्यातच कित्येक महिने गेले. १९१२च्या सप्टेंबरात मॅक्वारीला काही संदेश ऐकू गेले, उत्तर मात्र तळावर पोहोचले नाही. १३ ऑक्टोबरला डोलकाठीच कोसळली.

अशा हवेत एरियलवर चहूबाजूंनी मारा होतो. वाऱ्याने ताणाचे दोर सैल होतात, तार सतत हेलकावते आणि जोडाच्या जागी तुटते. सांध्यात शिरलेले पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते आणि फट रुंदावते. समुद्राच्या खारट तुषारांनी धातू गंजतो. उडत्या बर्फकणांमुळे तारेवर विद्युतभार साचतो आणि कानाच्या यंत्रात नुसती खरखर ऐकू येते. झोपडीतले यंत्र ठणठणीत असूनही तळ मुका आणि बहिरा होऊ शकतो तो यामुळे.

८ फेब्रुवारी १९१३ रोजी मॉसन एकटेच तळावर परतले. निनिस आणि मेर्ट्झ हे त्यांचे दोन्ही सोबती वाटेत मृत्यू पावले होते. ‘ऑरोरा’ जहाज काही तासांपूर्वीच निघून गेले होते. पुन्हा उभारलेल्या डोलकाठीवरून परत येण्याचा संदेश गेला. जहाजावर संदेश पाठवण्याची सोय नव्हती, पण ऐकण्याची होती. जहाज वळले, वाऱ्यामुळे होडी मात्र उतरवता येईना. पश्चिमेच्या तळावर दुसरी तुकडी वाट पाहत होती, म्हणून त्याला जावे लागले. सात जण आणखी एका हिवाळ्यासाठी मागे राहिले.

त्याच महिन्यात मॅक्वारीशी दुतर्फा संपर्क जुळला आणि दोन मृत्यूंची वार्ता जगाला कळली. ८ जूनला डोलकाठी पुन्हा मोडली आणि कित्येक आठवडे तळ अबोल झाला. याच हिवाळ्यात संदेशवाहक सिडनी जेफ्रिज यांचे मानसिक स्वास्थ्य ढासळले. पुढे हे काम मोहिमेचे यंत्रतज्ज्ञ फ्रँक बिकर्टन यांनी शिकून घेतले.

संदेश पाठवणाऱ्याचे नाव इतिहासात राहते. पण गोठल्या बोटांनी ताण घट्ट करणारे आणि मोडलेली काठी पुन्हा उभी करणारे हातही त्या संदेशाचे तितकेच धनी आहेत.