आटे घट्ट बसतायत? मग ऑफसेट वाढवू नका, कमी करा!

धातूच्या भोकात आतून आटे पाडायचे तर नेहमीचं हत्यार म्हणजे टॅप. पण एम३० चा टॅप एम३० चेच आटे पाडणार. आणि तो भोकातच तुटला, तर बाकी सगळं काम झालेला महागडा जॉब भंगारात जाऊ शकतो. म्हणून सीएनसी मशीनवर बऱ्याचदा थ्रेड मिलिंग करतात. यात भोकापेक्षा लहान कटर आतल्या भिंतीला लागून गोल फेरी मारतो आणि एका फेरीत एक पिच वर सरकतो.

समजा, एम३० × २ चे आटे पाडायचेत आणि कटर १६ मिमीचा आहे. आट्यांची त्रिज्या १५, कटरची ८. म्हणजे कटरचं केंद्र ७ मिमी त्रिज्येच्या वर्तुळावर फिरायला हवं. गणित सोपं आहे, पण कटर झिजतो, कापताना थोडा वाकतोही. मग आटे घट्ट होतात आणि गो गेज आत जात नाही.

इथे कटर कॉम्पेन्सेशन कामाला येतं. प्रोग्राममध्ये त्रिज्या १५ च लिहायची, सोबत जी४१ द्यायचं. ऑफसेट टेबलमध्ये ८ भरलं असेल, तर मशीन कटरला स्वतःच तेवढं आत ठेवतं. कटर झिजला की फक्त टेबलातला आकडा बदलायचा, प्रोग्रामला हात लावायचा नाही.

नवे ऑपरेटर चुकतात ते इथेच. आटे मोठे करायचेत म्हणून आकडाही मोठा करतात. प्रत्यक्षात ८ चं ७.९५ केलं की मशीनला कटर बारीक वाटतो आणि ते त्याला भिंतीकडे ढकलतं. त्रिज्येतला हा ०.०५ चा फरक व्यासात ०.१ होतो. काही मशीनवर टेबलात त्रिज्येऐवजी व्यास भरतात, त्यामुळे सेटिंग आधी बघा.

घट्ट आटे पुन्हा कापता येतात, सैल झालेले परत घट्ट करता येत नाहीत. म्हणून पहिल्या जॉबला मुद्दाम ८.१ भरायचं, गेज लावायचा आणि ०.०२ च्या पायरीने खाली यायचं. कंटाळवाणं आहे, पण जॉब वाचतो.

उजवे आटे असतील तर जी४१ सोबत जी०३ वापरून कटर तळातून वर आणतात, म्हणजे क्लाइंब मिलिंग होतं. फानुक कंट्रोलवर जी४१ सरळ रेषेच्या चालीतच सुरू करावं लागतं, गोल चालीत दिलं तर अलार्म येतो. आत शिरायची कमान कटरच्या त्रिज्येपेक्षा लहान असली तरीही तेच. लहान भोकात ही अडचण हमखास येते. तिथे प्रोग्राममध्ये थेट केंद्राचा ७ मिमीचा मार्ग लिहितात आणि टेबलात ८ ऐवजी शून्य ठेवतात. झीज भरून काढायला मग उणे ०.०५ भरलं की झालं.