यंत्रमानवाच्या डोक्यात बसलेलं पोट्टं

तान्ह्या पोळ्याला बहिणीकडे नागपूरच्या महाल भागात गेलो होतो. धाकटा भाचा चाकांचा लाकडी बैल ओढत गल्लीभर बोजाऱ्याचे पैसे गोळा करून आला होता आणि व्हरांड्यात चिल्लर मोजत होता. मोठा, नववीतला, आत पलंगावर पालथा. त्यानं नुकताच 'इव्हँजेलियन' या यंत्रमानवांच्या जपानी ॲनिमे मालिकेचा शेवटचा भाग पाहिला होता, डोळे लाल. म्हणाला, "मामा, याच्यासारखं अजून काय आहे? पोट्टा आत बसून चालवते तसलं."

तसलं पुष्कळ आहे. पण पोट्टा आधी आत नव्हताच. तो बाहेर उभा होता, धाकट्यासारखा, हातात दोरी घेऊन.

नागपुरात सांगतात की दुसऱ्या रघुजीराजांनी 1806 साली मुलांसाठी हा तान्हा पोळा सुरू केला. मोठ्यांचा बैल खरा, पोरांचा लाकडाचा. जपानशी त्याचा काडीचा संबंध नाही. पण आपल्याहून थोराड जनावर आपल्या दोरीनं चालतं, यात पोराला काय मजा येते ते नागपूरकराला वेगळं सांगावं लागत नाही.

जपानी दोरी 1956 सालची. मित्सुतेरु योकोयामा हा कोबे शहरातला चित्रकथाकार. लहानपणी त्यानं बी-29 विमानांनी बेचिराख केलेलं आपलं गाव पाहिलं होतं. त्यातून त्याला सुचला 'तेत्सुजिन 28', म्हणजे 28 नंबरचा लोहपुरुष. गोष्टीत हा जपानी लष्करानं युद्धाच्या अखेरीस बनवायला घेतलेला राक्षस. युद्ध संपतं, यंत्र उरतं आणि ते चालवण्याची पेटी शास्त्रज्ञाच्या दहा वर्षांच्या मुलाकडे येते, शोतारोकडे. खरी गोम त्या पेटीत आहे. लोहपुरुषाला स्वतःचं डोकं नाही. पेटी चोराच्या हाती गेली की तो चोराचा. दर दोन-चार प्रकरणांनी पेटी पळवली जाते आणि वाचकाच्या पोटात गोळा येतो. पुढच्या साठ वर्षांचं भांडवल या एका युक्तीत होतं.

याच योकोयामाचा दुसरा यंत्रमानव आमच्या पिढीनं दूरदर्शनवर पाहिला : 'जायंट रोबो'. मूळ मालिका 1967 ची, चित्रपट नव्हे की ॲनिमे नव्हे, रबरी पोशाख घातलेल्या माणसांची. फराओसारखं डोकं असलेला तो धिप्पाड गडी, आणि मनगटी घड्याळात बोलून त्याला हुकूम सोडणारा जॉनी. आमच्या शाळेत घड्याळ असलेली पोरं दोन-तीनच; बाकीचे नुसत्या मनगटाशी बोलायचे. शेवटच्या भागात रोबो हुकूम मोडून शत्रूला घेऊन आकाशात जातो आणि परत येत नाही. मी तेव्हा रडलो होतो, हे भाच्याला सांगितलं नाही.

पोट्ट्याला आत बसवलं चित्रकथाकार गो नागाई यांनी. रहदारीत अडकलेल्या गाड्या पाहून त्यांना वाटलं, आपल्या गाडीला पाय फुटले असते तर पुढच्यांना ओलांडून गेलो असतो. वर्धा रोडवर सायंकाळी सहाला अडकलेल्या कुणालाही हे पटेल. त्यातून 1972 मध्ये 'माझिंगर झेड' आला : कोजी काबुतो नावाचा तरुण एका छोट्या यानात बसतो आणि ते यान थेट यंत्राच्या डोक्यात जाऊन बसतं. पेटी पळवायचा प्रश्न मिटला. त्या जागी दुसरा आला. यंत्राला मार बसला की आता आतल्यालाही लागतं. शिवाय माझिंगरचे धातूचे पुतळे धडाधड खपले आणि यंत्रमानवाच्या मालिका म्हणजे खेळण्यांच्या जाहिराती, असं समीकरण होऊन बसलं.

ते मोडायचा घाट दिग्दर्शक योशियुकी तोमिनो यांनी 1979 साली 'मोबाइल सूट गंडाम'मध्ये घातला. पंधरा वर्षांचा आमुरो हल्ल्यात घाबरून लष्करी यंत्रात चढतो आणि मांडीवर माहितीपुस्तिका उघडून, ती वाचत वाचत ते चालवतो. तिथे यंत्र देव नाही, रणगाड्यासारखं सरकारी सामान आहे. समोरच्या बाजूलाही माणसंच आहेत. प्रेक्षकसंख्या पडली, 52 भागांची मालिका 43 वर आवरावी लागली. मग 1980 मध्ये बांदाई कंपनीनं जोडून बनवायचे प्लॅस्टिकचे नमुने काढले आणि मेलेली मालिका उठून बसली. ज्या खेळण्यांच्या धंद्यावर तोमिनो वैतागलेले असत, त्यानंच त्यांना तारलं.

1995 चा 'इव्हँजेलियन' भाच्याला तोंडपाठ आहे. चौदा वर्षांच्या शिंजीला बाप वर्षांनुवर्षं विचारत नाही आणि बोलावतो ते थेट यंत्रात बसायला. दिग्दर्शक हिदेआकी आन्नो यांनी तिथे दोरी परत आणली आहे, पण उलटी. यंत्राच्या पाठीला विजेची जाड केबल, तिचं नावच नाळ. ती तुटली की पाच मिनिटं, मग सगळं थंड. दोरीला बांधलेला आता बैल नाही, पोर आहे.

भाच्याला शेवटी चार नावं लिहून दिली. 'युरेका सेव्हन' (2005) : पन्नास भाग, मधले दहा रेंगाळतात, पण चौदा वर्षांच्या रेंटनला निदान हसता येतं, म्हणून आधी हे. 'बोकुरानो' (2007) : यंत्र चालवणाऱ्याच्या प्राणावर चालतं, ज्याची पाळी तो मरतो, परीक्षेच्या आसपास पाहू नये. 'एटी-सिक्स' (2021) : सरकारी कागदावर यंत्रं चालकाविना धावतात, कारण आत बसलेल्या पोरांना सरकार माणसंच मानत नाही. या तिघांत हे सर्वांत धारदार.

चौथं 1989 चं, 'गंडाम : वॉर इन द पॉकेट'. यातला शाळकरी आल यंत्र कधी चालवतच नाही. त्याला युद्ध आवडतं, बाहेरून पाहायला. शत्रूच्या एका कोवळ्या सैनिकाशी त्याची दोस्ती होते. पुढचं सांगत नाही. भाग सहाच आहेत, एका दुपारी होतात. धाकट्याला मात्र सोबत बसवू नका.