संघ गेला, धून उरली

संगीताचा एक बाजार असा होता की तिथे श्रोता कधी फिरकत नसे. रेडिओ केंद्रे, जाहिरातवाले, माहितीपट काढणारी मंडळी यांच्यासाठी तयार धुनांच्या तबकड्या निघत. दुकानात त्या मिळत नसत. वेष्टनावर प्रत्येक तुकड्याचे नाव, लांबी आणि एखाद-दोन शब्दांत त्याची प्रकृती छापलेली असे: खेळकर, शहरी, घाईचा, गंभीर. परवान्याचे पैसे भरायचे आणि हवी ती धून वापरायची. वादक जमवा, स्टुडिओ भाड्याने घ्या, हा सगळा खर्च वाचे. आपली धून साबणाच्या जाहिरातीत जाणार की आगगाडीवरच्या माहितीपटात, याचा पत्ता रचणाऱ्यालाही नसे.

जर्मनीतल्या ‘सिलेक्टेड साउंड’ या अशाच एका कंपनीच्या साठ्यात ‘ईव्हनिंग बीट’ नावाची धून होती. रचनाकार बेल्जियमचे झाक इझाई. ते ‘जॅक से’ या नावानेही लिहीत. ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोनचा झणझणीत ताफा, खाली ड्रम्सचा धावता ठेका, शब्द एकही नाही. हॉकीशी, बर्फाशी किंवा अमेरिकेशी तिचा कसलाही संबंध नव्हता. पुढे हीच धून कनेटिकट राज्याची राजधानी हार्टफर्ड इथे एका आइस हॉकी संघाचे गीत झाली, ‘ब्रास बोनान्झा’ या नव्या नावाने. संघ तिथून जाऊन पाव शतक उलटले तरी शहराने धून सोडलेली नाही.

परक्या माणसाने रचलेले सूर आपलेसे होण्याचे आपल्याला तरी नवल वाटू नये. आकाशवाणीची ओळखधून रचणारे वॉल्टर कॉफमन हे नाझींच्या छायेतून निसटून मुंबईला आलेले ज्यू संगीतकार होते. पण कॉफमन निदान मुंबई केंद्रात नोकरीला तरी होते. इझाईंचे हार्टफर्डशी तेवढेही नाते नव्हते.

आपल्याकडे हॉकी म्हणजे ध्यानचंद आणि हिरवे मैदान. उत्तर अमेरिकेत हॉकी म्हटले की बर्फ आणि स्केट्स. बंदिस्त सभागृहातला हा खेळ कमालीच्या वेगाचा. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग आणि सारखी ये-जा. गोल मात्र साऱ्या सामन्यात मिळून पाच-सहा. त्यामुळे गोल झाला की लाल दिवा लागतो, भोंगा वाजतो, खेळ थांबतो आणि लोकांना ओरडायला अर्धा-पाऊण मिनिट मिळते. या अर्ध्या-पाऊण मिनिटात काय वाजवायचे, हा प्रश्न प्रत्येक संघाला पडतो. पूर्वी त्याचे उत्तर ऑर्गन हे होते. १९२९ साली उघडलेल्या शिकागो स्टेडियममध्ये साडेतीन हजारांहून अधिक नळ्यांचा प्रचंड ऑर्गन बसवला होता आणि तिथूनच ऑर्गन हॉकीत रुळला. गोल झाल्यावर संघाची स्वतःची ठरलेली, ध्वनिमुद्रित धून वाजवायची, ही आज सर्रास दिसणारी रीत हार्टफर्डने फार आधी उचलली.

संघाचे मूळ नाव न्यू इंग्लंड व्हेलर्स. एनएचएल या जुन्या, बलाढ्य लीगला आव्हान म्हणून १९७२ साली वर्ल्ड हॉकी असोसिएशन, म्हणजे डब्ल्यूएचए, सुरू झाली. ‘व्हेलर्स’च्या इंग्रजी स्पेलिंगची पहिली तीन अक्षरे तीच, म्हणूनही हे नाव सोयीचे वाटले. न्यू इंग्लंडच्या किनाऱ्याला देवमाशांच्या शिकारीचा इतिहास आहेच. संघ आधी बोस्टनमध्ये खेळला आणि पहिल्याच वर्षी लीगचा अ‍ॅव्हको कप जिंकून बसला. पण बोस्टन हे एनएचएलमधल्या ब्रुइन्स संघाचे गाव. तिथे दुसऱ्या संघाला कोण विचारतो? १९७५ च्या जानेवारीत व्हेलर्स हार्टफर्डच्या नव्या सिव्हिक सेंटरमध्ये आले. हार्टफर्ड समुद्रापासून आत, नदीकाठी. देवमासा तिथे चित्रातच पाहायचा.

त्या काळात संघाने आपल्या सामन्यांतल्या ठळक क्षणांची एक तबकडी काढली आणि तिला जोड म्हणून तयार संगीत शोधले. शोधणारे म्हणून संघाच्या कार्यालयातल्या जॉर्ज ड्युशार्म यांचे नाव घेतले जाते. तबकडीपुरती घेतलेली धून मग सभागृहात वाजू लागली. संघ बर्फावर उतरताना, गोल झाल्यावर, सामना जिंकल्यावर. ना स्पर्धा, ना समिती, ना उद्घाटन. ज्याला पुढे ‘परंपरा’ म्हणून मान मिळतो, त्याचा जन्म बहुधा असाच कामचलाऊ असतो.

हे हार्टफर्डचे वेगळेपण कळायला कॅनडाकडे पाहावे लागते. तिथल्या ‘हॉकी नाइट इन कॅनडा’ या कार्यक्रमाची धून डोलोरेस क्लेमन यांनी १९६८ साली मागणीवरून रचली. स्केट्स घातलेले रोमन योद्धे डोळ्यांपुढे आणून आपण ती बांधली, असे त्या सांगत. पुढे तिला लोक कॅनडाचे दुसरे राष्ट्रगीत म्हणू लागले आणि २००८ मध्ये सीबीसी या सरकारी वाहिनीशी करार फिसकटल्यावर प्रतिस्पर्धी सीटीव्हीने तिचे हक्कच विकत घेतले. ती धून हॉकीसाठीच जन्मली, राष्ट्रभर पोहोचली, तिच्यावर वकील बसले. ‘ब्रास बोनान्झा’च्या वाट्याला यातले काही नव्हते. तिच्या वाट्याला एक मध्यम आकाराचे शहर आणि बरेच पराभव आले.

त्याआधी छत कोसळले. १८ जानेवारी १९७८ च्या पहाटे बर्फाच्या भाराने सिव्हिक सेंटरचे अख्खे छप्पर खाली आले. काही तासांपूर्वीच तिथे कॉलेज बास्केटबॉलचा सामना पाहून हजारो लोक घरी गेले होते. कोणाला इजा झाली नाही. दोन वर्षे संघ शेजारच्या मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला सामने खेळला आणि ‘घरचे’ प्रेक्षक गाड्या काढून तिकडे जात राहिले. याच वर्षांत बुजुर्ग खेळाडू गॉर्डी हाउ आपल्या मार्क आणि मार्टी या दोन मुलांसह व्हेलर्सकडून खेळत होते. १९७९-८० च्या हंगामात गॉर्डी सर्वच्या सर्व ८० सामने खेळले, त्यांनी १५ गोल केले आणि हंगामातच ते बावन्न वर्षांचे झाले.

तो हंगाम व्हेलर्सचा एनएचएलमधला पहिला. डब्ल्यूएचए बंद पडली, तिचे चार संघ जुन्या लीगने सामावून घेतले. त्या लीगमध्ये हार्टफर्ड ही सगळ्यात लहान अमेरिकी बाजारपेठ. बोस्टन ब्रुइन्सने ‘न्यू इंग्लंड’ला हरकत घेतली, तेव्हा ते जाऊन ‘हार्टफर्ड’ आले. पीटर गुड यांनी हिरव्या ‘डब्ल्यू’वर निळी शेपटी ठेवून मधल्या मोकळ्या जागेत ‘एच’ दिसेल असे बोधचिन्ह काढले. खेळातली इतकी चांगली बोधचिन्हे हाताच्या बोटांवर मोजावीत.

हार्टफर्ड हे विमा कंपन्यांचे शहर. पुण्या-मुंबईहून संगणकाच्या कामासाठी तिथे जाऊन राहिलेली माणसे सांगतील की संध्याकाळी कचेऱ्या सुटल्या की शहराचा मध्य ओस पडतो. एका बाजूला बोस्टन, दुसऱ्या बाजूला न्यूयॉर्क. दोन्ही दीड-पावणेदोनशे किलोमीटरवर. सगळे मोठे, नावाजलेले ते तिकडे. हार्टफर्डचे म्हणावे असे वरच्या पातळीवरचे एकच काही होते, तो हा संघ, आणि त्याचे सभागृहही एका मॉलला चिकटलेले, म्हणून बाहेरचे हसत. संघही मोठा दिमाखाचा नव्हता. एनएचएलमधल्या अठरा हंगामांत आठ वेळा तो बाद फेरीत पोहोचला आणि एकूण एकच मालिका जिंकला.

ती १९८६ ची. क्वेबेकला त्यांनी सलग तीन सामन्यांत गुंडाळले. पुढच्या फेरीत मॉन्ट्रियलशी सातव्या सामन्यापर्यंत झुंजले, त्यातही जादा वेळेपर्यंत. मग मॉन्ट्रियलच्या क्लोद लेम्यूने गोल केला आणि सगळे संपले. मॉन्ट्रियलने पुढे लीगच्या विजेतेपदाचा स्टॅनली कपही जिंकला. दुसऱ्या फेरीत हरलेल्या आपल्या संघाची हार्टफर्डने भर रस्त्यातून मिरवणूक काढली. या मिरवणुकीची टिंगल आजवर चालू आहे. मला मात्र ती समजते. ज्यांच्याकडे जिंकण्याची सवय नसते, त्यांनी आनंद करायला अंतिम सामन्याची वाट का पाहावी?

धुनेचा विनोद आणि तिची गंमतही इथेच होती. समोरचा संघ सहा-शून्यने पुढे असला आणि शेवटच्या मिनिटांत व्हेलर्सनी एक गोल मारला, तरी त्याच दणक्यात ट्रम्पेट्स वाजायचे, जणू कप हातात आला. पाहुण्या संघांना हे हास्यास्पद वाटे. काही घरच्यांनाही.

१९९१ च्या मार्चमध्ये संघाने आपला कर्णधारपद भूषवलेला लाडका रॉन फ्रान्सिस पिट्सबर्गला देऊन टाकला. पिट्सबर्गने त्याच वर्षी आणि पुढच्या वर्षीही कप जिंकला. १९९२ मध्ये ब्रायन बर्क महाव्यवस्थापक झाले. गणवेशातला हिरवा मागे सरला, गडद निळा आणि चंदेरी रंग आले, आणि ‘ब्रास बोनान्झा’ बंद झाली. खेळाडूंना तिची लाज वाटते, असे कारण बर्क यांनी दिले. कारण खरे असेलही. पण खेळाडू येतात नि विकले जातात. फ्रान्सिससारखा दहा वर्षे संघात खेळलेला माणूसही एका दुपारी विकला गेला होता. लाज कोणाला वाटते हे विचारायचेच होते, तर तिकीट काढून येणाऱ्यांना विचारायला हवे होते. धून बंद केल्याने संघ काही जिंकू लागला नाही. बर्क वर्षभरात निघूनही गेले.

१९९४ मध्ये पीटर कार्मानोस यांनी संघ घेतला. १९९६ मध्ये त्यांनी ११ हजार हंगामी तिकिटांची अट घातली. चाहत्यांनी साडेआठ हजारांपर्यंत मजल मारली. नव्या सभागृहाची बोलणी फिसकटली. १३ एप्रिल १९९७ रोजी व्हेलर्सनी टॅम्पा बेला २-१ असे हरवले, शेवटचा गोल केव्हिन दिनीनचा, आणि संघ नॉर्थ कॅरोलायनाला जाऊन कॅरोलायना हरिकेन्स झाला. त्याच संघाने २००६ मध्ये स्टॅनली कप जिंकला. त्यात हार्टफर्डचे काही नव्हते.

शहराकडे चिन्ह आणि धून उरली. चाहत्यांचा बूस्टर क्लब संघ नसतानाही चालू राहिला. २०१० मध्ये मूळ संघाचे संस्थापक हॉवर्ड बाल्डविन यांनी तिथल्या दुय्यम लीगच्या संघाला ‘कनेटिकट व्हेल’ हे नाव दिले. ते तीन वर्षेच टिकले. कनेटिकट विद्यापीठाचा हॉकी संघ जुन्या सिव्हिक सेंटरमध्ये खेळू लागला, तेव्हा विद्यापीठाच्या बँडने धून उचलली. या बँडमधली आजची मुले व्हेलर्स गेल्यानंतर जन्मलेली आहेत.

मग २३ डिसेंबर २०१८ ला हरिकेन्सनी आपल्या गावी, रॅलेमध्ये, ‘व्हेलर्स नाइट’ केली. हिरवे गणवेश, समोर मुद्दाम बोस्टनचाच संघ, आणि प्रत्येक गोलनंतर ‘ब्रास बोनान्झा’. कॅरोलायना ५-३ ने जिंकली. हार्टफर्डमध्ये काहींना भरून आले, पुष्कळांना संताप आला: संघ नेला तो नेला, आता आठवणीही विकायला काढल्या? कायद्याने नाव आणि चिन्ह हरिकेन्सचेच आहेत, त्यात वाद नाही. धून मात्र मुळात दोघांचीही नव्हती; एक जण भाड्याने आणून वर्षानुवर्षे तिच्यात राहिला, एवढाच फरक, आणि माझ्या मते तो पुरेसा आहे.

इंटरनेटवर ‘ब्रास बोनान्झा’ सहज सापडते. ऐकायची असेल तर स्टुडिओतली स्वच्छ प्रत नको. तिच्यात काही विशेष नाही. १९८६ च्या एखाद्या सामन्याचे खरखरीत चित्रण शोधा, जिथे गर्दीच्या आरड्याओरड्यात ट्रम्पेट अर्धे बुडालेले आहेत.