नुकसान मोजायला येणाऱ्या माणसाचा हिशेब

पावसाने भात झोपवलं, नागली आडवी झाली किंवा घाटात पिकअप उलटली की आपल्याकडे एकच प्रश्न विचारला जातो. पैसे किती मिळणार? दुसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. नुकसान मोजायला जो माणूस येतो त्याला पैसे कोण देतं? आणि नाशिकहून सुरगाण्याला यायला त्याचे स्वतःचे किती जातात?

सुरगाण्याचं नि विम्याचं का जमत नाही, याचं बरंचसं उत्तर या दुसऱ्या प्रश्नात आहे. त्यामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे. पोस्ट लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

आधी आणेवारी होती

पीकविमा नव्हता तेव्हाही पिकाचं नुकसान मोजलं जायचंच. कारण सारा माफ करायचा की वसूल करायचा, हे ठरवावं लागे. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक. मुंबई इलाख्यात नियम असा होता की पीक चार आण्यांच्या आत आलं तर त्या वर्षाची साऱ्याची वसुली तहकूब करायची.

१९१८ साली गुजरातेत खेडा जिल्ह्यात यावरूनच सत्याग्रह झाला. शेतकरी म्हणत होते, पीक चार आण्यांच्या आत आहे. महसूल खातं म्हणत होतं, नाही, वर आहे. भारत सेवक समाजाचे गो. कृ. देवधर, ना. म. जोशी आणि अमृतलाल ठक्कर यांनी तिथे जाऊन पाहणी केली. गांधीजींनी मागणी केली की निष्पक्ष पंच नेमा आणि पुन्हा मोजा. सरकारने ते मानलं नाही.

खेड्याचा सत्याग्रह आपण साराबंदीचा लढा म्हणून शिकतो. पण भांडण मुळात मोजणीचं होतं. पीक मोजणारा माणूस त्याच खात्याचा नोकर होता, जे खातं सारा गोळा करत होतं. पगार ज्याचा, आणेवारी त्याची, ही लोकांची तक्रार.

आपलं सुरगाणा त्या वेळी संस्थान होतं. १९४८ साली ते मुंबई प्रांतात विलीन झालं आणि आपण नाशिक जिल्ह्याच्या कारभारात आलो. १९५७ मध्ये दशमान नाणी आली, आणेवारीची पैसेवारी झाली. आजही पन्नास पैशांच्या आत की बाहेर, यावर वर्तमानपत्रात बातम्या येतात. मीही त्या देतो.

मग आला सर्व्हेअर

शहरात गोष्ट वेगळी होती. गोदामं, गिरण्या, जहाजं, मोटारी यांचा विमा खासगी कंपन्या उतरवायच्या. नुकसान झालं की कंपनी बाहेरचा जाणकार पाठवायची. विमा कायदा १९३८ चा. त्यात १९६८ साली दुरुस्ती झाली आणि सर्व्हेअरला सरकारी परवाना लागू लागला. कलम ६४ यूएम. ठरावीक रकमेच्या वरचा दावा परवानाधारक सर्व्हेअरच्या अहवालाशिवाय निकाली काढायचा नाही, असं त्यात आहे.

१ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं. १०७ कंपन्यांच्या चार सरकारी कंपन्या झाल्या. १९९९ च्या कायद्याने विमा नियामक प्राधिकरण आलं आणि खासगी कंपन्या परत आल्या. या सगळ्यात सर्व्हेअर राहिला तसाच. कागदावर स्वतंत्र. तो कंपनीचा नोकर नाही, एजंट नाही. कंपनी आणि ग्राहक दोघांशी सारखंच वागायचं, असं त्याची आचारसंहिता सांगते. पण त्याला काम देते कंपनी आणि त्याची फी देतेही कंपनीच. पॅनेलवर नाव ठेवायचं की नाही, पुढची केस द्यायची की नाही, हे कंपनीच्या कार्यालयात ठरतं.

अमेरिकेत एक वेगळी सोय आहे. तिथे 'पब्लिक अ‍ॅडजस्टर' नावाचा परवानाधारक असतो. तो ग्राहकाच्या बाजूने नुकसान मोजतो आणि मिळालेल्या रकमेतून टक्केवारी घेतो. आपल्याकडे ग्राहकाच्या बाजूने मोजणारा असा माणूस व्यवस्थेत नाहीच. मोजणारा एकच, आणि त्याचं बिल समोरची पार्टी भरते.

त्याचा जमाखर्च

आता त्याची वही उघडू. नाशिकचे एक सर्व्हेअर माझ्या ओळखीचे आहेत. गाड्यांच्या केसेस करतात. त्यांच्याकडून जे समजलं ते थोडक्यात सांगतो.

आधी पदवी किंवा पदविका, मग जवळपास वर्षभर प्रशिक्षण, परीक्षा, परवाना. परवाना दर तीन वर्षांनी नवा करायचा. व्यावसायिक संस्थेची वर्गणी वेगळी. गाडी स्वतःची, पेट्रोल स्वतःचं, कॅमेरा, संगणक, कार्यालयाचं भाडं, टायपिंग सगळं स्वतःचं. पगार नाही, फंड नाही, सुट्टी नाही. बिलातून दहा टक्के टीडीएस कापून येतो, तो विवरणपत्र भरल्यावर हिशेबात धरला जातो. फी मिळते अहवाल दिल्यावर. कंपनीचा चेक कधी येईल ते कंपनीच्या हातात.

आता सुरगाण्याचा हिशेब करू. एका केसची फी समजा १,५०० रुपये आहे. हा आकडा फक्त उदाहरणासाठी घेतलाय, खरी फी कंपनी आणि नुकसानीच्या रकमेप्रमाणे बदलते. सातपूर-अंबडच्या गॅरेजांतून तो दिवसात चार गाड्या बघू शकतो. म्हणजे ६,००० रुपये. सुरगाणा नाशिकपासून सुमारे ९० किलोमीटर. जाऊन-येऊन १८०. मध्ये वणीचा पट्टा, पुढे घाट, पावसाळ्यात रस्त्याची अवस्था तुम्हाला माहीतच आहे. एका केसला अख्खा दिवस जातो. प्रवासखर्च वेगळा मिळाला तरी तो किलोमीटरच्या हिशेबाने मिळतो. गेलेल्या दिवसाचे पैसे कुणी देत नाही. म्हणजे आपल्याकडे यायचं तर त्याचे ४,५०० रुपये बुडतात. दुरुस्ती झाल्यावर पुन्हा बघायला यायचं असेल तर आणखी एक दिवस.

मग काय होतं? तो दोन-तीन केसेस साठवून एकदम येतो, नाहीतर सांगतो, गाडी नाशिकला आणा. ओढून न्यायचा खर्च मालकाने करायचा. आणि आपण म्हणतो, विमावाले त्रास देतात. माणूस वाईट नसतो, त्याचा हिशेब जमत नाही.

त्यात त्याचं छोटं कामही गेलंय. कायद्यातली जुनी मर्यादा २० हजारांची होती. आता गाडीच्या बाबतीत ५० हजार आणि इतर नुकसानीत एक लाखापर्यंत परवानाधारक सर्व्हेअर लागत नाही. कंपनीचा माणूस बघतो किंवा मोबाईलवर फोटो मागवतो. फोटो पाठवायला रेंज लागते. ती बाऱ्हे-उंबरठाणच्या पलीकडच्या पाड्यांवर शोधत टेकडीवर चढावं लागतं.

पिकाची मोजणी: १९७२ ते आजपर्यंत

गाडीची ही गत, तर पिकाची काय असेल? १९७२ साली देशात पहिल्यांदा एकेका शेताचं नुकसान मोजून भरपाई द्यायचा प्रयोग झाला. सुरुवात गुजरातेत एच-४ कापसापासून, पुढे महाराष्ट्रासह इतर राज्यांत. तो १९७८-७९ पर्यंत चालला. एवढ्या वर्षांत शेतकरी किती आले? ३,११०. हप्ता जमा झाला ४.५४ लाख आणि भरपाई द्यावी लागली ३७.८८ लाख. प्रत्येक शेताच्या बांधावर माणूस पाठवून विमा चालवायचा तर तो परवडत नाही, हे तेव्हाच दिसलं.

उत्तर शोधलं एका मराठी माणसाने. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे वि. म. दांडेकर. ते म्हणाले, एकेक शेत मोजूच नका. एक सारखा परिसर धरा, त्यात नमुन्याची काही शेतं कापून उत्पादन मोजा, सरासरी घसरली तर परिसरातल्या सगळ्या विमाधारकांना भरपाई द्या. मोजणीचा खर्च कमी, आणि कुणी मुद्दाम शेत बुडवून पैसे उकळेल हा धोकाही कमी. १९७९ चा पथदर्शी प्रयोग, १९८५ ची सर्वंकष योजना, १९९९ ची राष्ट्रीय कृषी विमा योजना, सगळ्यांचा पाया हाच. विचार हुशारीचा होता, यात शंका नाही.

पण दांडेकरांच्या पद्धतीत परिसर सारखा असणं महत्त्वाचं. महाराष्ट्रात हा परिसर म्हणजे महसूल मंडळ. एका पिकासाठी मंडळात किमान दहा पीक कापणी प्रयोग. आता आपलं एखादं मंडळ डोळ्यांसमोर आणा. खाचरात भात, उतारावर नागली-वरई, माथ्यावर खुरासणी. एका ओढ्याने अलीकडची खाचरं वाहून नेली आणि पलीकडची उभी राहिली, असं दरवर्षी होतं. सरासरीत वाहून गेलेलं खाचर दिसत नाही. सपाटीवरच्या निफाड-येवल्यात सरासरी जितकी खरी, तितकी डोंगरात नसते.

हे ओळखून २०१६ च्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत स्थानिक आपत्तीसाठी एकेका शेताची पाहणी परत आली. ७२ तासांत कळवायचं, मग विमा कंपनीचा प्रतिनिधी, कृषी खात्याचा माणूस आणि शेतकरी मिळून पंचनामा. बांधावर येणारी ती तरुण पोरं आठवतात ना? शेतकीची पदवी-पदविका घेतलेली, बहुतेक हंगामापुरती घेतलेली, हंगाम संपला की घरी. २०२३ च्या खरिपात राज्याने एक रुपयात विमा दिला, अर्ज दीड कोटीच्या वर गेले. अर्ज वाढले, मोजणारे हात त्या प्रमाणात वाढले नाहीत. बोगस अर्जांचा गाजावाजा झाला. आणि २०२५ च्या खरिपापासून एक रुपयाची योजना गेली, सोबत एकेका शेताची पाहणीही गेली. राहिले फक्त पीक कापणी प्रयोग. पन्नास वर्षांनी आपण पुन्हा दांडेकरांच्या सरासरीवर आलो.

सुरगाण्याचा पेच

सरकारी मदतीचं उदाहरण घ्या. आपत्ती निधीच्या निकषात जिरायत पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये आहेत. वीस गुंठ्यांचं खाचर वाहून गेलं तर होतात १,७०० रुपये. ते मोजायला माणूस नाशिकहून आला तर मोटारसायकलला चार लिटर पेट्रोल, म्हणजे चारशेच्या वर, आणि त्याची दिवसाची मजुरी. म्हणजे नुकसानीच्या मोठ्या हिश्श्याएवढा खर्च नुकसान मोजण्यावरच. कंपनीच्या वहीत हे बसत नाही. म्हणून आपला पाडा सरासरीत जातो. त्यात वनजमीन कसणाऱ्यांचा प्रश्न वेगळाच. ज्याच्या नावाचा कागद नाही, त्याचं नुकसान मोजणीलाच येत नाही. २०१८ साली नाशिकहून मुंबईला पायी गेलेल्या मोर्चात आपल्या तालुक्यातले लोक कशासाठी होते, ते आठवा.

केंद्राने आता जाहीर केलंय की २०२६ च्या खरिपापासून भात पाण्याखाली गेल्याचं आणि वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसान एकेका शेतावर धरता येईल. डोंगरी भातवाल्यांसाठी ही चांगली गोष्ट आहे. पण ते राज्याच्या अधिसूचनेत यायला हवं, आणि आलं तरी प्रश्न तोच. मोजायला येणार कोण, आणि त्याला या डोंगरात येणं परवडेल का?

म्हणून तीन गोष्टी मागायला हव्यात. एक, दुर्गम तालुक्यांत पाहणीसाठी वेगळा, जास्त दर ठरवा आणि तो जाहीर करा. दोन, पाहणी करणारा शक्य तिथे तालुक्यातलाच घ्या. आपल्याकडे शेतकी शिकलेली पोरं कमी नाहीत, त्यांना ९० किलोमीटर यावं लागणार नाही. तीन, पीक कापणी प्रयोग कोणत्या गटात, कोणत्या तारखेला आहे, हे गावाला आधी सांगा. कापणीच्या वेळी चार माणसं उभी राहिली की आकडा सरळ येतो.

आणि आपल्या बाजूने एवढं करा. गाडी, दुकान, घर कशाचाही दावा असेल तर सर्व्हेअरचं नाव, येण्याची तारीख लिहून ठेवा, स्वतः फोटो काढा आणि त्याच्या अहवालाची प्रत लेखी मागा. तो अहवाल म्हणजे शेवटचा शब्द नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच सांगितलंय. पटला नाही तर विमा लोकपाल आणि ग्राहक आयोग आहेत.

खेड्याच्या शेतकऱ्यांनी १९१८ मध्ये विचारलं होतं, मोजणार कोण? आपण त्यात आणखी एक प्रश्न जोडू, मोजणाऱ्याला पैसे कोण देणार? तुमच्या पाड्यावर शेवटचा पंचनामा कधी झाला, कोण आलं होतं आणि बांधापर्यंत गेलं होतं की रस्त्यावरूनच बघितलं, ते खाली लिहा. गावाचं नाव टाका. यादी झाली की तहसील कार्यालयात नेऊन देतो.