स्मरणचित्राची शिदोरी

गोंदिया जिल्ह्यातल्या आमगाव, देवरी किंवा सालेकसा इथल्या ज्या मुलाला चित्रकथा काढायची आहे, त्याची पहिली पायरी शाळेतच असते: एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा. हा जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. परीक्षांची परंपरा मात्र त्याहून कितीतरी जुनी. मुंबईत १८५७ साली सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या काळात रेखाकलेच्या शिक्षणाची घडी बसत गेली, आणि १९६५ साली राज्याचं कला संचालनालय आलं.

वस्तुचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन हे विषय वरवर रुक्ष वाटतात. पण चित्रकथेला यातलं सगळंच लागतं. संवादाच्या फुग्यातली अक्षरं नीट बसवायची तर अक्षरलेखनाचा सराव हवाच.

या परीक्षांतलं सगळ्यांत मोलाचं म्हणजे स्मरणचित्र! समोर काहीही नसताना माणसं उभी करायची, त्यांना हालचाल द्यायची. इथल्या झाडीपट्टीतल्या मुलाकडे त्याची शिदोरी भरपूर आहे: दिवाळीनंतरची मंडईची जत्रा, रात्रभर चालणारं दंडार हे लोकनाट्य, धानाच्या बांधीत वाकलेल्या बाया, तळ्याकाठची सारस जोडी.

अशी माणसं उभी करता आली की काय साधतं, ते चित्रकथेत दिसतं. १९८० साली सुरू झालेल्या ‘टिंकल’ या मुलांच्या नियतकालिकातला भोळा सुपंडी राम वाईरकरांनी रेखाटला. सुपंडीचा भोळेपणा त्याच्या उभं राहण्यातूनच कळतो.