दरडीनंतरचे मदतकार्य : माळीण ते इर्शाळवाडी

दुसरबीडसारख्या बुलढाण्याच्या पठारी भागात आपत्ती म्हणजे प्रामुख्याने दुष्काळ, जो महिनोन्महिने आधी दिसू लागतो आणि ज्याच्या १९७२च्या अनुभवातून राज्यात रोजगार हमीची व्यवस्था विस्तारली. सह्याद्रीतील दरड, म्हणजे पाण्याने जड झालेल्या माती-दगडांचा उतारावरून एकाएकी सुटणारा लोट, अशी सवड देत नाही. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण हे आदिवासी गाव अशाच लोटाखाली गाडले जाऊन सुमारे दीडशे माणसे मृत्युमुखी पडली, आणि ही वार्ता बाहेर पोहोचली ती एस.टी.च्या चालकामुळे, यातच सूचनायंत्रणेची अवस्था कळते. पुनर्वसनासाठी, म्हणजे वाचलेल्यांना सुरक्षित जागी पुन्हा वसवण्यासाठी, आमडे येथे उभारलेली घरे एप्रिल २०१७मध्ये ग्रामस्थांना मिळाली. परंतु पहिल्याच पावसाळ्यात तेथील भराव खचला.

१९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा वर जाणारा गाडीरस्ताच नसल्याने खोदकाम फावड्या-कुदळींनी करावे लागले. चार दिवसांनी शोध थांबवण्यात आला, तेव्हा सत्तावन्न माणसे बेपत्ता होती. वाचलेल्या कुटुंबांची सोय पायथ्याकडील चौक परिसरात, कंटेनरच्या तात्पुरत्या घरांत करण्यात आली.